छोटा हत्ती, जुना हत्ती



आमच्या नातेवाइकांत सध्या एक वाद चालू आहे. बारशात, फोनवर, नाहीतर कुटुंबाच्या ग्रुपवर, तो कुठेही निघतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे, एक जुनी छोटी पिकअप आहे. गाडी २०१० सालची. २०१८ मध्ये त्याने ती एक लाख पस्तीस हजारांना जुनीच घेतली. तो मार्केटयार्डातून कांदा-बटाटा भरतो आणि बिबवेवाडी, अप्पर, धनकवडी, कोंढव्याच्या दुकानदारांना पोचवतो. आता गाडीला पंधरा वर्षं झाली. निम्मे नातेवाईक म्हणतात, "भंगारात घाल, नवी घे." उरलेले म्हणतात, "चालतेय ना, मग चालू दे." आणि दोन्ही बाजूंच्या हातात आकडा मात्र एकही नाही!

मी बी.ए. झालेली, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. इंजिनातलं मला काय कळणार, असं कुणी म्हणेल. पण वही कशी लिहायची हे मला कळतं. गेलं वर्षभर भाच्याने माझ्या सांगण्यावरून गाडीचा प्रत्येक खर्च वहीत मांडला. त्याच्या परवानगीने ती वही समोर ठेवून आज माझं मत लिहिते आहे.

आधी थोडा इतिहास (सवय जात नाही!). आपण ज्याला टेम्पो म्हणतो तो शब्द मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. हॅम्बुर्गजवळची व्हिडाल कंपनी 'टेम्पो' नावाच्या तीनचाकी गाड्या करायची. त्यांच्या सहकार्याने फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून या गाड्या देशभर गेल्या. कंपनीचं नाव जातिवाचक नाम झालं. आज कुठलीही मालगाडी आपल्याकडे टेम्पोच. २००५ मध्ये त्या कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, आणि योगायोग असा की त्याच वर्षी मे महिन्यात टाटांनी 'एस' बाजारात आणली. तीनचाकीच्या गिऱ्हाइकाला चार चाकं द्यायची, हा त्यामागचा विचार. ७०२ सी.सी.चं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, १६ हॉर्सपॉवर, पाऊण टन माल, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. गिरीश वाघ या मराठी इंजिनिअरकडे त्या प्रकल्पाची सूत्रं होती. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटलं, आणि हेही नाव मग त्या आकाराच्या कुठल्याही गाडीला चिकटलं. भाच्याची गाडी याच वर्गातली. ती कुठल्या कंपनीची हे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जी दुखणी सांगणार आहे ती कंपनीची नाहीत, वयाची आणि ओझ्याची आहेत.

या गाडीमुळे माणसं मालक झाली, हे विसरू नये. ज्याच्याकडे ट्रक घ्यायची ऐपत नव्हती आणि हातगाडीवर संसार चालत नव्हता, अशांना या छोट्या गाड्यांनी उभं केलं. आमचा भाचा त्यांतलाच. तेव्हा गाडी ठेवायची की नाही, याचा सरळ अर्थ त्याने मालक राहायचं की दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर व्हायचं, असा होतो. म्हणून मी या वादात पडले.

आता दुखणी. अशा गाड्यांच्या मेकॅनिककडे बसून मी बरंच ऐकलं आणि टिपून घेतलं. गॅरेजची मराठी फार छान असते हो. गाडी "पाणी पिते", डिझेलच्या लाईनीत "हवा धरते", घासून गुळगुळीत झालेला टायर "गोटा" होतो!

पहिलं आणि सगळ्यांत महागडं दुखणं म्हणजे गरम होणं. गाडी मार्केटयार्डातून माल भरून निघते आणि अप्परचा चढ लागतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण जोर लावतं, पण गाडी हळू असल्याने समोरून वारा मिळत नाही, फक्त पंख्याची हवा. त्यात रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. त्या पाण्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात. आपल्या गिझरमध्ये बसतात ना, तसेच. मग पाणी फिरत नाही, इंजिन तापतं, हेड किंचित वाकतं आणि खालचं गॅस्केट जातं. पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसू लागतं. तेवढ्यावर कळलं तर हजारांत निभावतं. तसंच दामटलं तर इंजिन उतरवावं लागतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी न घालता कूलंट घालायचं, एवढ्या साध्या गोष्टीवर किती पैसे अवलंबून असतात पाहा.

दुसरं दुखणं थरथरीचं. दोनच सिलिंडर असल्याने इंजिन मुळातच हादरतं. त्याच्या खालची रबरं (मेकॅनिक 'माउंटिंग' म्हणतात) कडक झाली की तो हादरा साऱ्या अंगभर पोचतो. सायलेन्सरचा ब्रॅकेट तुटतो, नट सैल होतात, वायरी घासून उघड्या पडतात. रबरं बदलायला फार पैसे लागत नाहीत. पण ती बदलली नाहीत तर बाकीचं सगळं बदलावं लागतं.

तिसरं क्लचचं. चढावर, ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवायची सवय असली की प्लेट जळते. चौथं पुढच्या चाकांचं. किंगपिन आणि बुश झिजले की स्टिअरिंगला खेळ येतो आणि टायर एका बाजूने खाल्ला जातो. पाचवं पाट्यांचं: ओझ्याने पाटे बसतात, मग तुटतात. सहावं हौद्याचं. ओला भाजीपाला आणि पावसाळा यांनी खालचा पत्रा गंजतो, आणि वरून नवा पत्रा ठोकला तरी आत गंज चालूच राहतो.

धुराचे रंग तर प्रत्येकाने पाठ करावेत. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, एअर फिल्टर किंवा नोझल बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा झिजल्या. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर बहुधा पाणी आत शिरतंय.

आता वही. गेल्या बारा महिन्यांचा हिशेब देते.

टायर दोन, ७,०००. ऑइल आणि फिल्टर, ६,०००. क्लच, मजुरीसह ६,५००. रेडिएटर आणि वॉटर पंप, ५,५००. हेडचं काम, ९,०००. पाटे, ४,५००. किंगपिन, ब्रेक लायनर आणि बेअरिंग, ६,५००. बॅटरी आणि सेल्फ, ६,५००. हौद्याचं वेल्डिंग, ५,०००. दुरुस्तीचे एकूण झाले ५६,५००.

कागदपत्रांचा खर्च वेगळा. थर्ड पार्टी विमा कर धरून सुमारे १८,०००. पासिंग, पर्यावरण कर, पीयूसी, पासिंगसाठी केलेली रंगरंगोटी आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या मिळून १४,०००. म्हणजे हे ३२,०००.

दोन्ही मिळून ८८,५००. भाचा इथेच बेरीज थांबवत होता. मी त्याला पुढची ओळ लिहायला लावली: गाडी वर्षात २३ दिवस गॅरेजमध्ये उभी होती. डिझेल वजा जाता दिवसाला त्याच्या हातात साधारण १,२०० येतात. म्हणजे २७,६०० बुडाले. खरी बेरीज १,१६,१००. "मावशी, हे तर मी कधी धरलंच नव्हतं," तो म्हणाला. कुणीच धरत नाही रे बाबा. जे खिशातून जातं ते दिसतं, जे खिशात येत नाही ते दिसत नाही.

आता दुसरी बाजू. नवी घ्यायची तर? जून २०२५ मध्ये टाटांची 'एस प्रो' ३ लाख ९९ हजारांपासून आली, त्यामुळे या वर्गातल्या नव्या गाडीच्या किमतीचा अंदाज येतो. चार लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, चार वर्षं असं धरलं तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,३४० आणि वर्षाचे सव्वा लाखाच्या जवळपास होतात. त्यात नव्या गाडीचा पूर्ण विमा आणि सर्व्हिसिंग मिळवलं तर आमच्या अंदाजाने एक लाख बासष्ट हजार. सुरुवातीला घालायचे पैसे निराळेच.

म्हणजे जुनी गाडी अजूनही वर्षाला सुमारे ४६ हजारांनी स्वस्त पडते. "जुनी गाडी माणसाला खाते" म्हणणाऱ्यांचं खरं नाही. आणि "फुकटात चालते" म्हणणाऱ्यांचंही नाही. चार वर्षांनी हप्ते संपून नवी गाडी हाती राहते, हे मला मान्य आहे. पण ज्याची कमाई बाजारावर अवलंबून आहे, त्याला हप्त्याची तारीख पुढे ढकलता येत नाही. क्लच आठवडाभर सांभाळून चालवता येतो. बँक थांबत नाही.

आता सरकारी नियमांबद्दल माझं स्पष्ट मत. व्यापारी गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. हे योग्यच आहे. पण एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या हलक्या गाडीच्या फिटनेसची फी ७,५०० रुपये झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तर वयाचे टप्पे दहा वर्षांपासूनच सुरू केले. महाराष्ट्रात २०१० पासून आठ वर्षांवरच्या व्यापारी गाड्यांना पर्यावरण कर आहे, तो वेगळा. गाडी तपासणीत पास झाली तरी फी वयाचीच! आम्हा शिक्षकांनाही अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवतात. शिकवता येतं की नाही हे कुणी बघत नाही. तेव्हा हा न्याय माझ्या ओळखीचा आहे. 😊

विम्याचं तर आणखी नवल. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत साडेसात टन एकूण वजनापर्यंतच्या सगळ्या मालगाड्यांचा थर्ड पार्टी हप्ता एकच, १६,०४९ रुपये. म्हणजे मालासकट दीड-दोन टन वजनाची ही चिमुकली गाडी आणि सात टनांचा धिप्पाड टेम्पो एकाच पंगतीत. लहान गाडीवाल्याने मोठ्याचं ताट भरायचं. यात आणखी टप्पे पाडायला काय हरकत आहे?

पण मी एकतर्फी लिहिणार नाही. वयाच्या नियमामागे कारण आहेच. २०१० च्या डिझेल इंजिनाची एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाडीशी तुलनाच होऊ शकत नाही. आणि पीयूसी मिळालं म्हणजे गाडी स्वच्छ, असंही नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये धुराचा दाटपणा मोजतात. न दिसणारे वायू त्यात येत नाहीत. संध्याकाळी गंगाधाम चौकात उभं राहून मी ते छातीत घेतलेले आहेत. भाच्याचा पोटाचा प्रश्न खरा, तसा रस्त्यावरच्या पोरांच्या फुफ्फुसांचाही खरा. म्हणून जुन्या गाड्या कायम चालू द्याव्यात असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की फी वयावर न लावता तपासणीच्या निकालावर लावा, आणि जी गाडी खरोखर धूर ओकते तिला पैसे घेऊन सोडू नका, थांबवा.

आता ओझ्याविषयी. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कांदा-बटाट्याची पोती पन्नास-पन्नास किलोची. पाऊण टन म्हणजे पंधरा पोती. मार्केटयार्डाच्या गेटवर उभं राहा आणि मोजा! वीस, पंचवीस, कधी त्याहून जास्त. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार जादा मालाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहेत. पण दंड पकडलं तर. पाटे, क्लच, किंगपिन, ब्रेक, हेड मात्र रोज दंड भरतात. मेकॅनिकच्या मते वहीतली निम्मी दुरुस्ती ओझ्याची आहे. आणि ब्रेक कमी लागणारी भरलेली गाडी अप्परच्या उतारावरून येते तेव्हा प्रश्न पैशांचा उरत नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, पंधरा पोत्यांना पंचवीस पोत्यांचं भाडं कोण देईल?" प्रश्न बिनतोड आहे. उत्तर त्याच्याकडे नाही, आपल्याकडे आहे. घर बदलताना टेम्पोवाल्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण, "आणखी दोन खोकी बसतील की" म्हणणारेही आपण, आणि रात्री त्याची गाडी सोसायटीबाहेर उभी दिसली की तक्रार करणारेही आपणच. ८८,५०० ला वर्षाच्या कामाच्या दिवसांनी भागलं तर दिवसाला साधारण ३०० रुपये येतात. ते त्याची कमाई नाहीत, गाडीचं देणं आहे. आपण भाडं पाडतो तेव्हा बहुतेक वेळा हेच ३०० पाडतो, आणि मग तो ब्रेक लायनर पुढच्या महिन्यावर ढकलतो.

एका नातेवाइकांनी अशी शंका काढली होती की त्याच्याकडे साधं एलएमव्ही लायसन्स आहे, उद्या अपघात झाला तर विमा हात वर करेल. त्यांच्यासाठी सांगते: ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला आहे की साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी त्या लायसन्सवर चालवता येते. ती काळजी सोडा.

तर माझा निकाल. गाडी आत्ता ठेवावी. पण चार अटींवर, आणि त्या मी भाच्याला लिहून दिल्या आहेत.

एक, पंधरा पोती. सोळावं नाही.

दोन, गाडी चालेल त्या प्रत्येक दिवशी ३०० रुपये वेगळ्या डब्यात. हे पैसे घरखर्चाला नाहीत, दिवाळीलाही नाहीत. भाचेसुनेकडे किल्ली.

तीन, ब्रेक, स्टिअरिंग आणि धूर या तीन बाबतींत उधारी नाही. बाकी हौद्याचा पत्रा वाट पाहू शकतो.

चार, पुन्हा इंजिन उतरवायची वेळ आली की तिथे थांबायचं. जुन्या गाडीत तीस-चाळीस हजार घालून "आता दहा वर्षं बघायला नको" म्हणणं हा मोह आहे. कारण इंजिन नवं झालं तरी हौदा, वायरी, पाटे जुनेच.

आणि भंगारात द्यायची तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. ऑगस्ट २०२१ मध्ये देशात वाहन मोडीत काढण्याचं धोरण आलं. त्यात नोंदणीकृत केंद्रं आहेत. तिथे गाडी दिली की जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, नवी व्यापारी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होतं, आणि राज्याने दिली तर रस्ताकरात १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. धोरणाच्या अंदाजाप्रमाणे मोडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के. म्हणजे फार नाही. पण मोठा फायदा वेगळाच आहे. आरटीओत नोंदणी रद्द होते. नाहीतर गाडी मोडून वर्ष झालं तरी कागदावर ती तुमच्याच नावावर, आणि तिच्या चासी नंबरवर कुणी काही उद्योग केले तर पोलीस तुमच्या दारात.

या अटी पाळल्या तर डब्यात वर्षाकाठी खर्च भागून थोडे उरतील असा माझा होरा आहे, कारण ओझं कमी झालं की दुरुस्ती कमी होणार. ते उरलेले पैसे नव्या गाडीचं पहिलं पेमेंट. मग नवी येईल ती ऐपतीने येईल, नातेवाइकांच्या लाजेखातर नाही.

ज्यांना अजूनही ती गाडी आजच भंगारात जावी असं वाटतं, त्यांनी जरूर लिहावं. पण मंडळी, आकडे घेऊन लिहा. आणि जमलं तर पुढच्या वेळी घर हलवताना भाच्याला बोलवा, आणि त्याने सांगितलेलं भाडं द्या.